बोनेटवरचे किडे आणि घुग्घुसची धूळ

मूलहून चंद्रपूरकडे येणारा रस्ता ऑक्टोबरच्या अखेरीस दिवेलागणीनंतर धरायचा असेल, तर निघण्याआधी वायपरच्या टाकीत पाणी आहे का ते बघून घ्यावे. दोन्ही बाजूंना धान भरत आलेले असते, हवेत नुकता गारवा शिरलेला असतो आणि हेडलाइट लागले की झोतामध्ये बारीक हिरवे तुडतुडे, पिवळट पतंग, मधूनच एखादा जाडजूड भुंगेरा असे सगळे समोरून येऊ लागतात. सुरुवातीला काचेवर टपटप आवाज येतो. पुढे तो इतका नेहमीचा होतो की कानाला जाणवतही नाही. चंद्रपूर ओलांडून आणखी पंचवीसेक किलोमीटर कापत गाडी घुग्घुसला पोहोचते, तेव्हा बोनेटची पुढची कड, बंपर, नंबरप्लेट आणि आरशांचे पुढचे अंग यांच्यावर पिवळ्या-तपकिरी डागांचा थर बसलेला असतो.

सकाळी बहुतेक घरी तेच होते. सीटखालचे फडके बाहेर निघते आणि कोरड्या बोनेटवर जोर लावून घासाघीस सुरू होते. किडे निघतातही. गाडी उन्हात उभी राहिली आणि तिरप्या प्रकाशात पाहिली की मात्र बोनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात. दोष किड्यांना दिला जातो. खरे तर त्या रेघा किड्यांनी पाडलेल्या नसतात. त्या पाडलेल्या असतात फडक्याखाली सापडलेल्या धुळीने.

आणि धुळीच्या बाबतीत घुग्घुस हे साधेसुधे गाव नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या वणी क्षेत्रातल्या खाणी इथल्या वेशीवर आहेत. एसीसीचा चांदा सिमेंट कारखाना इथे आहे. लॉइड्स मेटल्सचा स्पंज आयर्नचा कारखानाही इथेच आहे, आणि त्यासाठी लोहखनिज लागते ते गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडहून. जवळच चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र आणि त्याची राख. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण पडले आणि जिल्हा ‘अतिप्रदूषित’ यादीत वरच्या रांगेत जाऊन बसला. माणसाच्या फुप्फुसाच्या दृष्टीने हा विषय कितीतरी मोठा आहे, पण तो इथला नाही. इथे एवढेच लक्षात घ्यायचे की घुग्घुसमध्ये रात्रभर बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीवर सकाळी जे बसलेले असते, त्यात कोळसा, राख, सिमेंट आणि लोखंड या सगळ्यांचा वाटा असतो.

यातला प्रत्येक कण वेगळ्या तऱ्हेने त्रास देतो. शुद्ध कोळसा तसा मऊ असतो, पण त्याच्याबरोबर येणाऱ्या दगडमातीत आणि राखेत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी काचेलाही ओरखडा पाडते. तिच्यापुढे रंगाची काय कथा. लोखंडाचा सूक्ष्म कण रंगावर बसला, दव पडले की तो गंजतो आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी टिंबे उमटतात. आपल्या गाडीचा पत्राच आतून सडायला लागला, असे वाटून मालक घाबरतो. पत्रा शाबूत असतो, गंज बाहेरून आलेल्या कणाचा असतो. सिमेंटची धूळ सगळ्यांत वाईट, कारण तिला पाणी मिळाले की ती आपला धर्म पाळते. डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेचे दव तिला तेवढे पुरते. ती अल्कधर्मी होते, आवळते आणि रंगाला धरून बसते.

अशा थरावर, किंवा अशा थरात रुतून, किडा वाळलेला असतो. कोरडे फडके फिरवणे म्हणजे या सगळ्या मिश्रणाने रंग घासणे.

गाडीचा रंग म्हणून जो दिसतो तो एकच थर नसतो. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साह्याने गंजरोधक थर चढवला जातो. त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअरकोट. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरते. त्यातला क्लिअरकोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक. चमक त्याची, ऊन अडवण्याचे काम त्याचे आणि ओरखडे झेलण्याचेही त्याचेच. गॅरेजमध्ये ‘रबिंग’ करून गाडी चकाचक करून देतात तेव्हा याच थराचे काही मायक्रॉन खरवडून काढलेले असतात. रेघा दिसेनाशा होतात, कारण रेघेच्या दोन्ही कडांची उंची कमी केलेली असते. हे एकदा-दोनदा चालते. दर दिवाळीला रबिंग करणाऱ्याच्या बोनेटवरून क्लिअरकोट काही वर्षांत पापुद्र्यासारखा सुटू लागतो आणि मग पूर्ण पॅनल रंगवण्यावाचून इलाज उरत नाही.

म्हणजे किडा तसाच राहू द्यावा का? तेही नाही.

किड्याच्या अंगात तांबडे रक्त नसते, हिरवट-पिवळसर द्रव असतो. त्यात प्रथिने, चरबी, साखर आणि आम्ले असतात. आदळण्याच्या क्षणी कवच फुटते, द्रव पसरतो, हवा लागताच काळवंडू आणि घट्ट होऊ लागतो. कवचाचे तुकडे त्यात अडकून राहतात. ताजे असताना हे पाण्याने निघते. ऊन लागून प्रथिने आटली की त्यांचा चिवट पापुद्रा तयार होतो आणि खाली रंगावर रासायनिक काम सुरू होते. अमेरिकेत फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या आखाताच्या काठावर ‘लव्हबग’ नावाच्या काळ्या माश्यांचे थवे मे आणि सप्टेंबरमध्ये हमरस्त्यांवर उतरतात. तिथे केलेल्या मोजणीत, ताज्या चिरडलेल्या माशीचा सामू ६.५ म्हणजे जवळजवळ उदासीन असतो आणि २४ तासांच्या आत तो ४.२५ पर्यंत उतरतो, असे दिसले आहे. सकाळचा किडा दुसऱ्या सकाळी आम्ल झालेला असतो, असा याचा व्यवहारातला अर्थ.

ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांनी याहून मजेशीर प्रकरण तपासले होते. तिथल्या गाड्यांच्या बोनेटवर उन्हाळ्यात बारीक खड्डे पडत आणि त्याचे कारण लक्षात येत नसे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात गुन्हेगार निघाला चतुर, डबक्यावर घिरट्या घालणारा नेहमीचा चतुर. मादी चकचकीत बोनेटला पाणी समजून त्यावर अंडी घालते. अंड्यांच्या कवचातल्या प्रथिनांमध्ये गंधक असते. तापलेल्या पत्र्यावर त्याची आम्ले बनतात आणि ती क्लिअरकोटच्या राळेची साखळी तोडतात. ७० अंश तापमानाला झालेले नुकसान त्यांना गंधकाम्लाने होणाऱ्या नुकसानीच्या तोडीचे वाटले. चतुराची फसगत का होते, ते २००६ मध्ये हंगेरीच्या संशोधकांनी दाखवले. पाण्याच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश आडव्या दिशेने ध्रुवित झालेला असतो आणि पाणकिडे तेवढ्या खुणेवर पाणी ओळखतात. काळ्या आणि लाल गाडीचा रंग नेमका तसाच प्रकाश परतवतो. वर्धा नदीच्या काठी किंवा इरई धरणावर काळी गाडी लावून कोणी दुपारभर सहलीत रमणार असेल, तर त्याला ही माहिती उपयोगी पडावी.

तापमानाचा मुद्दा ब्राझीलपेक्षा चंद्रपूरला अधिक लागू आहे. मे २०१९ मध्ये इथे पारा ४८ अंशांवर गेला होता, आणि तो सावलीतला आकडा. उन्हात उभ्या गडद रंगाच्या गाडीचा पत्रा त्याच्या कितीतरी वर जातो. तापलेला क्लिअरकोट मऊ होतो, फुगतो, आणि त्याच्यावर पडलेले आम्ल आत शिरते. संध्याकाळी तो निवून आकसला की डागाची खूण आतच कोरलेली राहते. वरचा किडा धुऊन गेल्यावरही त्याची आकृती बोनेटवर दिसते ती यामुळे.

कोणत्या महिन्यात कोणता किडा भेटेल याचा अंदाज या भागात शेतीवरून बांधता येतो. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर पंख फुटलेली वाळवी निघते, आणि कडुनिंब-बाभळीवर जमणारे हुमणीचे भुंगेरे. पंखवाली वाळवी मऊ, तिचे नुसते पंख चिकटतात. भुंगेरा कडक कवचाचा, तो आदळल्यावर दगड लागल्यासारखा आवाज येतो. ऑगस्टपासून धानपट्ट्यात, म्हणजे मूल, सावली, सिंदेवाही, ब्रह्मपुरी आणि वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीत, खोडकिड्याचे पतंग आणि गादमाशी सुरू होते. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा तुडतुड्यांचा काळ, दिवाळीतल्या पणत्यांभोवती मरून पडतात तेच. पश्चिमेला वणी, वरोरा, कोरपना, राजुरा हा कापसाचा भाग. तिथे बोंडे फुटू लागली की गुलाबी बोंडअळीचे करडे पतंग उडतात. पतंगाच्या पंखांवर खवल्यांची भुकटी असते आणि काचेवर वायपर फिरवताच तिचा दुधी राप तयार होतो. समोरून ट्रकचा झोत आला की अर्धा सेकंद काही दिसत नाही. ताडोबाच्या जंगलाला लागून जाणाऱ्या रस्त्यांवर, जिथे चितळ कधीही आडवे येते, तो अर्धा सेकंद रंगावरच्या कोणत्याही डागापेक्षा महाग आहे.

कृषी खाते आणि सिंदेवाहीचे भात संशोधन केंद्र यांच्यासारख्या संस्था शेतकऱ्याला प्रकाशसापळे लावायला सांगतात. रात्री दिव्याखाली किती किडे पडले, त्यावरून धानावरचा हल्ला ओळखायचा. रस्त्यावरची मोटार हा त्याच सापळ्याचा फिरता अवतार आहे, फक्त त्यातले किडे कोणी मोजत नाही. निदान आपल्याकडे. डेन्मार्कमध्ये एका जीवशास्त्रज्ञाने १९९७ ते २०१७ अशी वीस वर्षे ठरावीक रस्त्यांवर गाडी चालवून काचेवरचे किडे मोजले आणि ते सुमारे ८० टक्क्यांनी घटल्याचे त्याला आढळले. फ्लोरिडातल्या मार्क हॉस्टेटलर यांनी तर डागावरून किडा कसा ओळखावा यावर आख्खे पुस्तक लिहिले आणि १९९७ मध्ये त्यांना गमतीचे ‘इग नोबेल’ मिळाले. या हिशेबाने ज्याच्या बंपरवर अजून किड्यांचा थर बसतो, त्याने कटकट करावी की समाधान मानावे, हा प्रश्नच आहे.

आता मुख्य काम. त्यातले मर्म घरात सगळ्यांना माहीत असते, फक्त गाडीपाशी आल्यावर ते आठवत नाही. ताटात वाळलेले भाताचे खरकटे कोणी नखाने खरवडत बसत नाही, ते भिजत घालतात. बोनेटवरच्या किड्यालाही हाताचा जोर नको, ओलावा आणि वेळ हवा.

गाडी आधी सावलीत घ्यावी आणि बोनेट निवू द्यावे. तळहाताची पाठ टेकवून चटका बसत नाही इतके. तापल्या पत्र्यावर पाणी मारले तर ते जागच्या जागी वाळते आणि मागे क्षार सोडते. चंद्रपूर जिल्ह्यात बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते, बादलीच्या काठावर पांढरी रेघ धरणारे. किडा निघाला आणि पांढरे ठिपके बसले, असा सौदा कशाला करायचा?

पहिले पाणी सढळ हवे. गावात पाण्याची ओढ असते, उन्हाळ्यात तर फारच, म्हणून लोक मगभर पाणी शिंपडून पुसायला लागतात. घुग्घुसच्या धुळीत हा सगळ्यांत घातक मार्ग. थोड्या पाण्याने धूळ वाहून जात नाही, तिचा गारा होतो. सिमेंट असेल तर त्याला हवे ते मिळते. पाणी कमी असेल तर संपूर्ण गाडी धुण्याचा हट्ट सोडावा आणि दोन बादल्या फक्त पुढच्या भागावर खर्च कराव्यात. छताकडून खाली, न घासता, नुसते वाहू द्यावे. पाइप असेल तर तोंडावर अंगठा न दाबता मोकळी धार सोडावी. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप असेल तर नळी फूट-दीड फूट दूर धरायला सांगावे. सुरजागडच्या खनिजवाहू ट्रकांमागून जाताना खडी उडून बोनेटवर टवके पडलेले असतात, आणि जवळून आलेल्या धारेने त्या टवक्याच्या कडेचा रंग उचलला जातो.

धूळ उतरली की किड्यांवर ओला कपडा अंथरायचा. जुना टर्किश टॉवेल उत्तम. बादलीत गाडीचा शाम्पू कालवून त्यात टॉवेल बुडवावा, अर्धवट पिळावा आणि बोनेटच्या पुढच्या कडेवर, बंपरवर नीट चिकटवून ठेवावा. दहा ते पंधरा मिनिटे. तेवढ्यात चहा होतो. वारा असेल तर मधे एकदा वरून पाणी शिंपडावे, टॉवेल वाळता कामा नये. नंतर तो ओढायचा नाही, उचलायचा. बरेचसे किडे त्याच्याबरोबरच येतात. उरलेल्यांवर स्वच्छ, मऊ, भिजलेला मायक्रोफायबर कपडा बोटाच्या वजनाने फिरवावा, सरळ रेषेत, गोल नाही. सरळ रेघ पडलीच तर एकाच कोनातून दिसते, गोल रेघ सगळीकडून दिसते. एक हात फिरवला की कपड्याची घडी बदलावी. कपडा धुण्यासाठी साध्या पाण्याची वेगळी बादली ठेवावी, म्हणजे निघालेली माती शाम्पूच्या बादलीत जात नाही. कपडा एकदा खाली जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. हा नियम वॉशिंग सेंटरवरच्या पोरांना सांगायला थोडे धैर्य लागते, कारण त्यांच्या हातातले फडके आदल्या गाडीच्या चाकावरून आलेले असते.

एवढ्याने निघाले नाही तर टॉवेल पुन्हा. वाढवायची ती वेळ, जोर नाही.

दोन-तीन दिवसांचा वाळलेला थर असेल तर बाजारात मिळणारे किडे काढण्याचे द्रावण कामी येते. यातली बहुतेक सौम्य अल्कधर्मी साबणाची असतात, काहींत प्रथिने तोडणारी विकरे असतात. फवारून दोन-तीन मिनिटांत, वाळण्याआधी, धुऊन टाकायचे. विकराची कल्पना या जिल्ह्यांना परकी नाही. आरमोरीकडे ढिवर समाजातले लोक ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पाळतात. त्या चिवट कोशातून पतंग बाहेर येतो तो दात-नखांनी फाडून नव्हे. तो तोंडावाटे एक विकर सोडतो, त्याने रेशमाला बांधून ठेवणारा प्रथिनांचा डिंक विरघळतो आणि धागे बाजूला सारून तो निघतो. कोश तयार करणारा आणि उघडणारा दोघेही किडेच, आणि बाटलीतल्या द्रावणाची युक्ती त्यांचीच.

किडे गेल्यावर ओल्या बोनेटवरून हात फिरवून पाहावा. खरखर लागली तर ते चिकटलेले लोखंड किंवा सिमेंट. लोखंडासाठी वेगळे द्रावण मिळते. ते कणाला भिडले की जांभळे होऊन ओघळते, पहिल्यांदा पाहणारा दचकतो. सिमेंटच्या फुटकुळ्यांना मात्र नखाने किंवा ब्लेडने छेडू नये. पांढरे व्हिनेगर निम्मे पाणी घालून कपड्याने थोडा वेळ लावून ठेवले तर त्या सैल होतात, मग भरपूर पाण्याने धुवावे. फार जाड असतील तर जाणकार डिटेलिंगवाल्याकडे जाणे स्वस्त पडते.

घरगुती उपायांची यादी मोठी आहे आणि त्यातली निम्मी तरी गाडीच्या जिवावर उठणारी. रॉकेलने डांबराचे ठिपके निघतात, हे खरे. त्यावरून ते किड्यांनाही चालेल असे लोक धरून चालतात. किडा हा प्रथिनांचा थर, त्यावर रॉकेल काही करत नाही. गाडीवरचे वॅक्स तेवढे जाते आणि मागे उरलेल्या तेलकट पापुद्र्यावर पुढच्या तासात कोळशाची धूळ येऊन बसते. पेट्रोलचे तेच, वर आगीची भीती. थिनरला तर हातच लावू नये. डेंटिंग-पेंटिंग करून घेतलेल्या गाडीचा गॅरेजमधला रंग कारखान्यातल्या भट्टीत भाजलेल्या रंगाइतका पक्का नसतो, थिनरच्या फडक्याला तो उतरून येतो. कपडे धुण्याची पावडर बऱ्यापैकी तीव्र अल्कधर्मी असते, चुकून एकदा चालेल, सवय नको. भांड्यांचा हिरवा काथ्या, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट ही सगळी घासण्याची साधने आहेत, भिजवण्याची नाहीत. हेडलाइटची काच ही काच नसून पॉलिकार्बोनेटचे प्लास्टिक असते आणि त्याच्यावरही पातळ संरक्षक थर असतो. टूथपेस्टने ती आठवडाभर चमकते, पण तो थर गेल्यामुळे काही महिन्यांत आधीपेक्षा जास्त पिवळी पडते.

आणि रंगीत सुती झुपका लावलेला तो लांब दांड्याचा ब्रश, चंद्रपूरच्या प्रत्येक सिग्नलवर मिळणारा. स्वच्छ हवेच्या गावात तो कदाचित चालत असेल. घुग्घुसमध्ये दोन दिवसांत त्याच्या धाग्यांत एवढी राख भरते की तो झाडू न राहता पॉलिशपेपर होतो.

किडा चिकटूच नये, यासाठी फार मोठ्या माणसांनी डोके लावलेले आहे. विमानाच्या पंखावर चिकटलेले किडे हवेचा संथ प्रवाह बिघडवतात आणि इंधन वाढवतात, म्हणून नासाच्या लँगली केंद्रातला एक गट कमी चिकटणारे लेप तयार करत होता. २०१५ मध्ये त्यांनी बोइंग ७५७ च्या पंखावर ते लावून लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टवरून उड्डाणे केली. ही जागा मुद्दाम निवडली होती, तिथे किडे भरपूर म्हणून. सर्वांत चांगल्या लेपानेही किडे साधारण ४० टक्क्यांनीच कमी केले. सिरॅमिक कोटिंग लावले की गाडीला काहीच चिकटणार नाही, असे कोणी सांगत असेल तर हा आकडा आठवावा.

तरीही लेपाचा फायदा आहे, आणि तो वेगळा आहे. वॅक्स असो, सिरॅमिक असो, किडा आणि क्लिअरकोट यांच्यामध्ये एक बळी द्यायचा थर येतो. आम्ल आधी त्याला खाते आणि भिजवलेला किडा लवकर सुटतो. हाताने लावायचे साधे वॅक्स इथल्या उन्हात दोन-तीन महिन्यांपेक्षा फारसे टिकत नाही, म्हणून ते वेळ साधून लावावे. एकदा मृगाआधी आणि एकदा धान भरण्याआधी, सप्टेंबरमध्ये. पारदर्शक प्लास्टिकची फिल्म हा सर्वांत पक्का उपाय. पूर्ण गाडीला तिचा खर्च फार येतो, पण फक्त बोनेटची पुढची कड, बंपर आणि आरसे एवढ्यालाच ती लावून घेता येते, आणि किडे नेमके तिथेच बसतात.

बिनखर्चाचा उपाय म्हणजे वेग. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८० ऐवजी ६० ने गेले तर ती सुमारे ४४ टक्क्यांनी कमी होते. शिवाय वेग कमी असला की हलके तुडतुडे काचेपाशी वर उचलल्या जाणाऱ्या हवेबरोबर छतावरून निघून जातात. जंगलाच्या रस्त्यावर वेग कमी ठेवायला त्याहून मोठी कारणे आहेतच. पावसाळ्यात गाडी पांढऱ्या झगझगीत दिव्याखाली लावू नये. किडे निळसर-पांढऱ्या प्रकाशाकडे पिवळ्यापेक्षा जास्त ओढले जातात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की उडताना किडा आपली पाठ प्रकाशाकडे ठेवतो. एरवी प्रकाश म्हणजे आकाश, म्हणून ही सवय त्याला सरळ उडवते. दिव्यापाशी मात्र ती त्याला त्याच्याभोवती फिरवत ठेवते, आणि दमून तो खाली पडतो तो बोनेटवर.

सगळे स्वच्छ झाल्यावर एक जागा राहते, कारण ती बाहेरून दिसत नाही. पुढच्या जाळीतून आत डोकावले की एसीचा कंडेन्सर दिसतो, त्याच्या मागे रेडिएटर. हंगामभराचे तुडतुडे, पतंगांचे पंख आणि वर कोळशाची धूळ असे मिळून त्याच्या पातळ पट्ट्यांत गादी बसते. एसी नीट गार करत नाही, गॅस कमी झाला असेल म्हणून मालक गॅस भरून आणतो, तरी फरक पडत नाही. मार्चमध्ये, ऊन कडक होण्याआधी, इंजिन थंड असताना एकदा जाळी उघडून घ्यावी आणि कमी दाबाच्या पाण्याने मागून पुढे, म्हणजे किडे ज्या बाजूने आत गेले त्याच बाजूने बाहेर, धुऊन काढावे. प्रेशर पंप इथे वापरू द्यायचा नाही. त्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या असतात, धारेने वाकतात, आणि वाकलेल्या पट्ट्यांतून मग हवाही जात नाही.